पोस्टडॉकची जागा निघाली, हे आम्हाला कळू तरी द्या

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

स. न. वि. वि.

मी रसायनशास्त्रात पीएच.डी. केली असून सध्या मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवतो. प्राध्यापक भरती रखडल्याचे आपल्याला अनेकांनी सांगितले असेल. माझे म्हणणे त्याच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. आपल्या विद्यापीठांत पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची, जागा निघाली, हे आमच्यापर्यंत पोहोचतच नाही.

केंद्राच्या निधीवरील संशोधन प्रकल्पांत रिसर्च असोसिएट या नावाने अशी जागा असते. २०२३ च्या सुधारित दरांनुसार तिचे मानधन दरमहा ५८,००० रुपयांपासून सुरू होते, वर घरभाडे वेगळे. पैसा जनतेचा आहे. जाहिरात मात्र बहुतेक वेळा विभागाच्या पानावर कुठेतरी टाकलेली एक पीडीएफ असते. मुदत आठ-दहा दिवस आणि खाली ठरलेले वाक्य: प्रवासखर्च दिला जाणार नाही. ज्याच्या गाइडची पुण्या-मुंबईत ऊठबस आहे, त्याला आधीच फोन जातो. नांदेड-गडचिरोलीच्या मुलीला कळते, तेव्हा मुलाखती आटोपलेल्या असतात. अशाच एका वॉक-इनसाठी मी रात्रभर एसटीने गेलो. नाव आधीच ठरले आहे, असे तिथल्या एका कर्मचाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले. निवडलेला उमेदवार अपात्र होता, असा माझा आरोप नाही. पण मग आम्हाला बोलावले कशाला?

हा अनुभव पुढे नोकरीत मोजला जातो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी अध्यापन किंवा पोस्टडॉक अनुभवाला वर्षाला २, असे जास्तीत जास्त १० गुण ठेवले आहेत. म्हणजे ज्याला आज जाहिरात दिसली नाही, तो उद्याच्या मुलाखतीच्या यादीतही मागे पडतो.

केंद्राची राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे, हे खरे. पण तिला वयाची अट साधारण ३५ वर्षांची, आणि आमच्यातल्या अनेकांची पीएच.डी. हातात पडेपर्यंत तिशी उलटलेली असते. शिवाय मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक प्राध्यापक, कायम नोकरीतला लागतो. आपल्या अकृषी विद्यापीठांतले कित्येक विभाग मोजक्या कायम प्राध्यापकांवर आणि बाकी कंत्राटी शिक्षकांवर चालले आहेत. तिथे मेंटॉर आणायचा कुठून? रिक्त पदांचा फटका शिकवण्याला बसतो, तसा तो इथेही बसतो, आणि याची चर्चा फारशी होत नाही.

माझ्या बरोबरीचे काही जण जर्मनीत, दक्षिण कोरियात गेले. युरोपात संशोधकांच्या जागा युरॅक्सेस या एकाच संकेतस्थळावर शोधता येतात. घरबसल्या अर्ज करता येतो, मुलाखत ऑनलाइन होते. जर्मनीतली जागा लातूरमध्ये बसून सापडते आणि पुण्यातली सापडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

उच्च शिक्षण संचालनालयाने असे एक संकेतस्थळ सुरू करावे. राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांतली प्रत्येक प्रकल्पपदाची जाहिरात तिथे किमान २१ दिवस राहावी, पहिली मुलाखत ऑनलाइन व्हावी आणि निवड यादी गुणांसह तिथेच लागावी. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. त्यापुढच्या दोन वर्षांसाठी राज्याची स्वतःची पोस्टडॉक योजना असावी आणि तिच्यातल्या निम्म्या जागा पुण्या-मुंबईबाहेरच्या विद्यापीठांना मिळाव्यात. योजनेला तरतूद लागेल, वेळ लागेल. संकेतस्थळाची सुरुवात मात्र एका परिपत्रकाने होऊ शकते. ते परिपत्रक येत्या शैक्षणिक वर्षाआधी निघावे, ही विनंती.

आपला,
सीएचबीवरील एक पीएच.डी.धारक