मरळ तलावातच राहू द्या

संपादक महोदय,

मरळ, शिवडा असे शिकारी मासे काढल्याशिवाय तलावाचं उत्पादन वाढणार नाही, अशा आशयाची बातमी आपल्या अंकात वाचली. आम्ही ढिवर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका मालगुजारी (मालगुजारांच्या काळात बांधलेल्या) तलावावर आजोबांपासून आमची जाळी पडतात. बातमीत म्हटलंय ते अर्धं खरं आहे. मत्स्यजिरे, म्हणजे माशांची अगदी बारीक पिलं, वाढवायच्या लहान तळ्यात मरळ नकोच. तिथे आधी मोहाची ढेप (टोळीचं तेल काढून उरलेला चोथा) टाकून जुने मासे मारतात, ते बरोबरच. पण तोच न्याय मोठ्या तलावाला कशासाठी?

मरळ मागे धावून शिकार करत नाही. काठच्या उथळ पाण्यात, देवधानाच्या (पाण्यात उगवणाऱ्या रानटी भाताच्या) आडोशाला दबा धरून बसते आणि बेडूक, झिंगा, लहान मासा टप्प्यात आला की गिळते. तोंडात मावेल तेवढंच. आमच्याकडे रोहू-कटल्याचं बी, म्हणजे पिलं, सोडतात ते इंच-दीड इंचाचं, तेही जीप उभी राहील तिथूनच, काठावरून. म्हणजे थेट मरळीच्या ताटात! चार इंचांची, बोटाएवढी वाढलेली बोटुकली डोंग्यातून मधल्या पाण्यात सोडली, तर ती मरळीच्या तावडीत कमी सापडेल.

दुसरं असं की रोहू, कटला, मृगळ साचलेल्या पाण्यात वीत नाहीत. त्यांना पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून दरवर्षी बी विकत आणा. मरळीचं तसं नाही. पावसाळ्यात ती गवतात जागा साफ करून तिथेच अंडी घालते. अंडी पाण्यावर तरंगतात, नर राखण करतो. पुढे पिलांचा लालसर घोळका पाण्यावर फिरतो आणि खाली आईबाप असतात. उन्हाळ्यात पाणी आटून प्राणवायू कमी झाला तरी ती वर येऊन हवा घेते आणि तग धरते. फुकटात वाढणारा, काटे कमी असलेला आणि बाजारात जिवंत विकला जाणारा हा मासा रोह्यापेक्षा जास्त भाव खातो. त्याला उपद्रवी कोण म्हणतं?

(थाई मागूर हा बाहेरून आणलेला शिकारी मासा वेगळा. त्यावर 2000 सालापासून बंदी आहे, ती हवीच.)

आमच्यातलेही काही जण त्या लाल घोळक्यावर गळ टाकतात. पिलं राखणारी मरळ भूक नसली तरी गळावर झेपावते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आईबाप गेले की त्या पिलांना बाकीचे मासे थोड्याच दिवसांत फस्त करतात. आषाढ-श्रावणात हा प्रकार मच्छीमार संस्थांनी ठराव करून थांबवावा.

आणि तलावाच्या खोलीकरणाला येणाऱ्या साहेबांना एक विनंती. काठावर माजलेली बेशरमाची झुडपं खुशाल उपटा, पण चारही बाजूंनी दगड रचून पिचिंग करू नका. गाळपेराकडचा (पाणी ओसरल्यावर पीक घेतात त्या बाजूचा) उथळ काठ देवधानासकट तसाच सोडा.

– एक ढिवर वाचक, ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया