घोडी ठरवायला येता तेव्हा आधी तिचं तोंड पाहा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिलो. आमच्या घरी आजोबांपासून लग्नाची घोडी आहे, म्हणजे नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघतो तेव्हा ज्या घोडीवर बसतो ती. वावर दोन एकर, तेही कोरडवाहू, कपाशी आणि तूर, त्यामुळे घर चालते ते बरंचसं लग्नसराईवरच. आता तुळशीचं लग्न झालं की सुपाऱ्या यायला सुरुवात होईल म्हणून आत्ताच लिहितो, मे महिन्यात लिहून काही उपयोग नाही, तोवर घोड्यांचे हाल होऊन गेलेले असतात.

२०२२ च्या मे महिन्यात आमची आधीची घोडी गेली. वरात आटोपली, मंडपामागं तिला बांधलं, आणि पाहुण्यांनी मायेनंच तिच्यासमोर पोळ्या, बुंदी, भात असं परातभर ठेवलं. तिनं खाल्लं. रात्री घरी आणली तर सारखी पोटाकडं वळून पाहे, पुढच्या पायानं माती उकरे, बसे आणि उठे, घामानं ओली झालेली. आई म्हणाली नजर लागली, लिंबू उतरवलं, बाबांनी ओवा आणि गूळ चारला, सकाळी पाचला घोडी मेली. आम्ही घरातले सगळे रडलो, दोन दिवस चूल पेटली नाही, पण नेमकं काय झालं ते आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं, तीन पिढ्या घोडी पाळून.

ते मला समजलं पुढच्या वर्षी. नागपूरच्या बाहेर एक शो स्टेबल आहे, म्हणजे तिथं शो जम्पिंग (दांड्यांवरून उड्या) आणि ड्रेसाज (ठरलेल्या चाली नेमकेपणानं करून दाखवणं) यांच्या स्पर्धेसाठी घोडे तयार करतात, तिथं पोरं पाहिजेत, राहणं-खाणं मिळते आणि रायडिंगही शिकवतात असं मित्राकडून कळलं. मी गेलो, ११ महिने राहिलो. मनात होतं की मला काय शिकवतील, मी तर घोडीच्या पाठीवरच वाढलो. तिथले सर फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, तुझ्या घोडीची नाडी मिनिटाला किती चालते? मी गप्प. टेंपरेचर किती असते? गप्प. दिवसातून किती वेळा लीद टाकते? तेही सांगता आलं नाही.

पुढचे २१ दिवस त्यांनी मला खोगिराला हात लावू दिला नाही. पहाटे पाचला उठायचं, थानातली, म्हणजे घोडा बांधायच्या खोलीतली, लीद आणि ओला तणस काढायचा, कोरडा टाकायचा, पाण्याच्या बादल्या घासायच्या, मग खरारा, मग चारही खुरं. तिथले जुने मोतद्दार, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारे, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, लीद उचलताना सांगायचे की ही रोजची चिठ्ठी आहे, वाचायला शीक. घोडा दिवसातून आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो, ती कमी झाली, कडक झाली तर पाणी कमी पडून राहिलं समजायचं, आणि बंदच झाली तर डॉक्टरला फोन लावायचा, ओवा शोधत बसायचं नाही. आरामात उभ्या असलेल्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, ती जबड्याच्या हाडाखाली बोट ठेवून मोजायची. टेंपरेचर साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट. हिरडी गुलाबी पाहिजे, बोटानं दाबून सोडली की दोन सेकंदात रंग परत आला पाहिजे. कुशीला कान लावला की पोटात गुडगुड ऐकू आली पाहिजे, पोट शांत असलं तर ते चांगलं लक्षण नाही.

एक दिवस चाचा बोलता बोलता म्हणाले की घोड्याला उलटी करता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढंच जाणार, आणि त्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानानं लहान, दहा-पंधरा लिटरचं, म्हणून तर तो मोकळा असला की दिवसभर थोडं थोडं चरत राहतो. एकदम धान्य, पीठ, गोड पोटात गेलं की ते आंबते, गॅस होतो, पोटशूळ उठतो आणि वेळेत इलाज नाही झाला तर जनावर जाते. मी लिदीच्या ढिगाजवळ उभा होतो, तिथंच खाली बसलो. आमच्या घोडीला कोणाची नजर लागली नव्हती. ती परात होती.

बसायला मिळालं ते महिनाभरानं, तेही लंजवर, म्हणजे सर मधात उभे राहून लांब दोरीनं घोडा गोल फिरवणार आणि मी वर, रिकिबीत पाय नाही, हातात लगाम नाही. मांड्या सोलून निघाल्या. पण तोल मांडीनं आणि कंबरेनं धरायचा असतो, लगामाला लटकून नाही, हे त्याशिवाय अंगात उतरत नाही. दुडकी चाल शिकताना मी सारखा लगाम खेचायचो तेव्हा सरांनी खाली उतरवलं आणि घोड्याचं तोंड उघडून दाखवलं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामधे रिकामी जागा असते, लगामाची लोखंडी कडी तिथं बसते, नुसत्या हिरडीवर आणि जिभेवर. सर म्हणाले, ब्रेक समजून खेचतोस ना, ती जीभ आहे. त्या दिवसापासून माझा हात हलका झाला.

आणि तेव्हाच मला आमच्या घरी खुंटीला टांगलेला लगाम आठवला. काटेरी. लग्नाच्या घोडीला बहुतेक ठिकाणी तोच असतो, कारण समोर संदलचे ढोल, मागं डीजे, आजूबाजूला फटाके आणि वर बसलेल्या नवरदेवानं आयुष्यात पहिल्यांदा घोडीवर टांग टाकलेली, मग तिला आवरायची कशी तर काट्यानं. घोडा भित्रा प्राणी आहे हो, त्याचा स्वभावच आवाज आला की पळ असा आहे, कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात, डोळे बाजूला असल्यानं जवळपास सगळीकडचं दिसते पण ऐन शेपटीमागचं आणि कपाळासमोरचं दिसत नाही. आणि आपण नेमका डीजे तिच्या मागंच लावतो. ती नाचते म्हणून आपण नोटा ओवाळतो, त्यातलं बरंचसं नाचणं म्हणजे तोंडातलं दुखणं आणि भीती असते.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. प्राण्यांच्या छळाबद्दलचा १९६० चा कायदा आहे, त्याखाली ओढकामाच्या आणि ओझं वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ चे नियम आहेत. त्यात काटेरी, टोकदार लगामाला मनाई आहे. दिवसात ९ तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग ५ तासांपेक्षा जास्त नाही, आणि जिथं पारा ३७ च्या वर जातो तिथं दुपारी १२ ते ३ काम घ्यायचंच नाही. साहेब, आपल्या वर्धा-चंद्रपूर-अकोल्याकडं ४४-४५ म्हणजे मे महिन्यातली रोजची गोष्ट, आणि आपले मुहूर्त कितीचे असतात ते सगळ्यांना माहीत आहे. नवरदेव मंडपात जातो, वऱ्हाडी कूलरसमोर बसतात आणि घोडी तिथंच डांबरावर उभी.

आता जे सांगतो ते सांगायला जड जाते पण सांगतो. आम्ही वरातीआधी घोडीला पाणी पाजतच नव्हतो. वरातीत मुतली तर लोक हसतील, पैसे कापतील म्हणून. घोड्याला साध्या दिवशी २५ ते ५० लिटर पाणी लागते, उन्हात काम असलं तर त्याहून जास्त, वरून तो माणसासारखा घामानं निथळतो आणि घामातून मीठही जाते. स्टेबलवर प्रत्येक थानात मिठाचा खडा टांगलेला असायचा. गरम झालेल्या घोड्यावर थंड पाणी टाकू नये असं आमच्याकडंही मानायचे, पण १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकच्या वेळी उन्हाचा त्रास होऊ नये म्हणून यावर बराच अभ्यास झाला आणि तेव्हापासून मोठ्या स्पर्धांत तापलेल्या घोड्यावर थंड पाणी ओतत राहतात, सावलीत हळूहळू चालवतात. आम्हीही तसंच करायचो, मी स्वतः किती बादल्या ओतल्या असतील.

शोचं सांगायचं तर मी एका शोला मोतद्दार म्हणून घोड्यांबरोबर गेलो, ते जग वेगळंच. आधी रक्त तपासणी, कारण ग्लँडर्स नावाचा रोग आहे, घोड्याला झाला तर त्याला मारावं लागते आणि माणसालाही होऊ शकतो, घोड्यांच्या अशा रोगांसाठी तर हिसारला केंद्र सरकारची वेगळी संस्थाच आहे. मैदानात दांडी पडली की ४ पेनल्टी, घोडा अडला की ४ पेनल्टी, पण रात्री थानात पाय शेकणं, पट्ट्या बांधणं, दर दोन तासानं पाणी बघणं हे कोणी मोजत नाही. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्समधे आपल्या टीमनं ड्रेसाजचं गोल्ड आणलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, टीममधली सुदीप्ती हजेला तर इंदूरची, त्या दिवशी सरांनी आम्हा सगळ्या मोतद्दारांना पेढे वाटले आणि म्हणाले हे तुमचंही आहे. मला ते विसरता येत नाही.

घरी आलो तर बाबा ऐकेनात. "आमाले काय शिकवतं बे घोडी पाळाले, तीन पिढ्या गेल्या आमच्या," असंच. मी वाद घातला नाही. नवीन घोडीचा, मैनाचा, मागचा पाय उचलला आणि खूर टाचेकडून पुढं साफ करून दाखवला. खुराखाली मधात जो त्रिकोणी नरम भाग असतो त्याच्या बाजूच्या खाचेतून काळा, सडका वास मारणारा चिखल निघाला. खूर महिन्याला जवळपास ८ ते १० मिलिमीटर वाढते, सहा-आठ आठवड्यांनी कापावंच लागते, आणि आमच्याकडं काम कोण करायचं तर बैलांना नाल ठोकणारा. बैलाचं खूर दुभंगलेलं, घोड्याचं अख्खं, खिळा थोडा आत गेला तर घोडा लंगडला समजा, वरून धनुर्वाताची भीती, कारण घोड्याला धनुर्वात फार लवकर धरतो आणि त्याची लस दरसाल द्यावी लागते हेही आम्हाला ठाऊक नव्हतं. बाबा बराच वेळ ते खूर पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी काटेरी लगाम त्यांनीच काढला. मैनाला साध्या लगामावर आणायला मला पाच महिने लागले, रोज पहाटे वावराच्या धुऱ्यावर, आधी शांततेत, मग मोबाईलवर गाणं लावून, मग गावातल्या बँडवाल्या पोरांना बोलावून लांबून वाजवायला लावून.

याच नागपूरच्या रघूजी भोसल्यांचे घोडे १७४० नंतर बंगाल-ओडिशापर्यंत गेले, आणि आज त्याच मुलखात आमच्या तालुक्याला एक घोड्याचा नालबंद नाही. नागपूरला १९५८ पासूनचं पशुवैद्यकीय कॉलेज आहे, महाराष्ट्र पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालयही नागपूरलाच. गाई-म्हशी, शेळ्या, कोंबड्यांची शिबिरं गावात होतात, चांगली होतात, पण घोडीवाल्याला कोणी बोलावत नाही. तर माझी विनंती आहे की पशुसंवर्धन विभागानं आणि विद्यापीठानं मिळून लग्नसराईच्या आधी तालुक्याला एक दिवस फक्त घोडेवाल्यांसाठी ठेवावा. खूर, दात, लस, चारा. चाऱ्यात हेही सांगावं की बुरशीचा कडबा घोड्याला चालत नाही आणि कोंबड्यांचं खाद्य तर मुळीच द्यायचं नाही, त्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध असते जे कोंबडीला चालते पण घोड्याच्या हृदयावर जाते. आमच्याकडचे पुष्कळ लोक मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला घोडं घ्यायला जातात, आणि येताना काटेरी लगामही घेऊन येतात, म्हणून त्याआधी झालं तर फार बरं.

आणि लग्नघरच्या मंडळींना हात जोडून सांगतो. घोडी ठरवायला याल तेव्हा पाचशे रुपये कमी करा म्हणण्याआधी तिचं तोंड पाहा, ओठाच्या कोपऱ्यात जखम आहे का, जीन काढायला लावून पाठ पाहा, तंगाखाली, म्हणजे जीन बांधायच्या पोटपट्ट्याखाली, सोललं आहे का. असलं तर ती घोडी घेऊ नका, मग मालक आपोआप सुधारतो, आम्हाला धंद्याची भाषा लवकर कळते. वरात सकाळी नऊच्या आत नाहीतर ऊन उतरल्यावर काढा. डीजे तिच्यापासून दूर ठेवा. मंडपामागं तिला पोळी-बुंदी देऊ नका, मायाच करायची असेल तर एक बादली स्वच्छ पाणी आणि सावली द्या. मागच्या सीझनपासून आम्ही दुपारची सुपारी घेत नाही, त्यापायी तेव्हा सहा लग्नं गेली, पण मैना उभी आहे.

शिबिर कुठंही ठेवा, दवाखान्यात ठेवा, बाजाराच्या मैदानात ठेवा, जनावर कुठून आणायचं ही चिंता करू नका. मी मैनाला घेऊन येतो, चारही पाय उचलून द्यायची तिला आता सवय आहे.

आपला,
एक घोडीवाला वाचक
ता. आर्वी, जि. वर्धा