आक्का, त्या नाड्यांसाठी

आक्का, आणि भिशीतल्या सगळ्या जणींनो,

हे पत्र घरी आणून दिलं असतं, पण तुमच्यासमोर आभाराचा विषय काढला की तुम्ही "चहा लेशी ना?" म्हणत स्वयंपाकघरात पळता. म्हणून सगळ्यांच्या देखतच लिहिते. नावं कोणाचीच घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आमच्या गावात सध्या नाव ऐकलं की माणसं लगेच हिशेब मांडायला बसतात. आमची जळालेली घरांची ओळ कुठल्या बाजूची होती तेही लिहीत नाही. लिहिलं तर निम्मे लोक इथेच वाचणं सोडतील आणि उरलेले निम्मे भलत्याच कारणाने पुढे वाचतील.

आमच्या गावातली दंगल कशावरून पेटली त्यात काही अर्थ नाही. धुळ्यात 6 जानेवारी 2013 ला हॉटेलच्या बिलावरून भांडण झालं आणि त्यातून वाढत जाऊन पोलिसांच्या गोळीबारात सहा जण गेले. त्याआधी ऑक्टोबर 2008 मध्ये तिथेच दंगल झाली होती. तेव्हाचं माझी धुळ्याची मावशी अजून सांगते, संचारबंदी शिथिल झाली की आधी दूध, मग पीठ, बाकीचं जमलं तर. आमच्याकडे मिरवणुकीतल्या गाण्यावरून झालं. दोन्हीकडून दगड आले, कोणीतरी पेटता बोळा फेकला, वारा होताच. पत्र्याची घरं, एकाला एक लागून. माझं शिवणाचं मशीन, लग्नसराईचे गिऱ्हाइकांचे ब्लाऊज, कपाट, कागद, सगळं गेलं. अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही शाळेत येऊन पडलो. एप्रिलचं आपलं ऊन तुम्हाला माहीत आहे; दुपारी वर्गाच्या भिंतीला पाठ टेकवत नव्हती.

सगळ्यात आधी आले ते फोटोवाले. डाळमिलांचा आपला जिल्हा, आणि अर्धा किलो तूरडाळीची पिशवी देताना तिला सहा जणांचे हात लागलेले. पिशवीवर साहेबांचा चेहरा केवढा मोठा! "ताई, मान जरा वर करा." मी केली. माझ्या लेकीने नाही केली, तर "पोरगी हट्टी दिसते" म्हणाले. बाही जळलेल्या गाऊनमधला तिचा फोटो नंतर गावभर फिरला.

शांतता समितीतले मान्यवर दिसले ते चौथ्या-पाचव्या दिवशी. दर सणाआधी पोलिस ठाण्यात यांची बैठक होते, चहा-बिस्किटं होतात, भाषणं होतात. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते, धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनी लिहून घेतली, हे मला शाळेत नव्हे, यांच्याच भाषणांतून पाठ झालं. त्या रात्री मात्र यांच्यातल्या एकानेही फोन उचलला नाही. गुरुजींचं नाव घेणाऱ्यांनी निदान मोबाईल तरी चालू ठेवावा.

पंचनाम्याला आलेल्याने विचारलं, मशीनचं बिल आहे का. म्हटलं, कपाटात होतं. कपाट कुठे आहे? मी बोटाने राख दाखवली. त्याने "बिल नाही" असं लिहून घेतलं. त्याच्यावर आता राग नाही, त्याच्या फॉर्ममध्ये राखेला रकानाच नसेल.

मग कपड्यांचे ढीग आले. वाईट वाटतं लिहायला, पण लिहिते. चेन तुटलेल्या पँटी, एका पायाची सँडल, काखेत विरलेले ब्लाऊज, जरीची शेरवानी, मुदत संपलेली खोकल्याची औषधं. लोकांनी माळे साफ केले होते. त्या ढिगात हात घालून आपल्या मापाचं शोधताना, ते शाळेच्या पटांगणात, चार लोकांसमोर, कसं वाटतं ते घर शाबूत असलेल्याला कळायचं नाही.

आणि तुम्ही आलात. ना बॅनर, ना कोणी मोबाईल वर धरलेला. तुमच्या सूनबाईच्या हातात पोराची चौरेघी वही होती. "कोनले काय लागस ते सांगा" म्हणत तुम्ही खोलीखोलीतून बसत गेलात आणि वहीत कंबर, उंची, चपलेचा नंबर उतरवत गेलात. माझ्या सासूबाईंना विचारलंत, नऊवारी की सहावारी. त्या एवढ्यावरच रडायला लागल्या. "रडू नको वं माय, आदी चहा पी ले," असं तुम्ही त्यांना म्हणालात. वयाने त्या तुमच्याहून मोठ्या, पण तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या महिन्याची भिशी ज्या वहिनींच्या नावाने निघणार होती, त्यांनी ती तशीच्या तशी इकडे वळवली हे मला उशिरा कळलं. त्यांच्याकडे मुलीच्या फीचं काम होतं, हेही. त्यांना वेगळं काय लिहू? त्यांची फी भरली गेली का, एवढंच कोणीतरी सांगा.

पण मला लिहायचंय ते परकराबद्दल. दुसऱ्या दिवशी प्रत्येकीच्या नावाचं गाठोडं आलं. माझ्यात दोन साड्या, दोन ब्लाऊज, दोन परकर. कपडे जुनेच, पण धुतलेले, इस्त्री केलेले. मी शिवणकामवाली, कपडा हातात आला की आधी उलटा करून बघते. ब्लाऊजचे गेलेले हुक नवे लावलेले. परकरात नाडी होती. जुन्या परकराला नाडी कधीच नसते, आक्का. लोक ती काढून ठेवतात, नाहीतर कुजून तुटलेली असते. ढिगातून मिळालेला परकर मी सुतळीने बांधून हिंडत होते, सुतळी कमरेला काचत होती. कोणाकडे मागणार? नाडी मागायची कशी, आणि पुरुषांनी भरलेल्या त्या मदतकेंद्रावर मागायची कोणाला?

तुम्ही नवी, पांढरी, सुती नाडी ओवली होती. दोन्ही टोकांना गाठी. आणि मागच्या मध्यावर नाडीवरून दोन टाके घातलेले, म्हणजे धुताना ती एका बाजूने ओढली जाऊन आत निसटू नये. हे टाके गिऱ्हाईक कधी बघत नाही, शिवणारे आम्हीही घाई असली की गाळतो. मी ते टाके बघितले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. घर जळाल्यावर मी तोवर रडले नव्हते.

ओळीतल्या प्रत्येक बाईच्या परकराला तसेच टाके होते, मुलींच्या सलवारींनाही. नंतर तुमची धाकटी म्हणाली, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी तुम्ही झोक्यावर बसूच दिल्या नाहीत, सेफ्टी पिना हातात देऊन नाड्या ओवायला बसवल्या. गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, वाळत होत्या त्यांच्याकडेही कोणी बघितलं नाही, अर्ध्या पाखरांनी नेल्या. उरलेल्या आमच्याकडे आल्या. शाळेच्या चुलीवर भाजून पोरांनी खाल्ल्या, वाफसुद्धा जाऊ दिली नाही.

तुमच्या गल्लीत तुम्हाला काय काय ऐकावं लागलं, ते माझ्या कानावर आलं आहे. "त्यांना कशाला?" असं दारात येऊन विचारणारे तुमचे रोजचेच लोक. एकाने म्हणे दूध टाकणं बंद केलं. तुम्ही आम्हाला यातलं काही कळू दिलं नाहीत. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठ्या मनाचं, मोठ्या रकमेचं काहीतरी आठवतं. मला आता वाटतं, त्यात निम्मं तरी डोकं असतं. ही वस्तू समोरच्या बाईच्या हातात गेल्यावर ती वापरणार कशी, एवढा पुढचा विचार करायचा. मेडिकलवाल्या भाऊंनी जळालेल्या चिठ्ठ्यांवाचून सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या दिल्या, कारण दर महिन्याला त्याच नेतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनाही या पत्रात धरा. असे लोक गावात होतेच. मिरवणुकीच्या दिवशी ते दारं लावून बसले होते याचा राग आहे मला, तोही खरा. त्यात तुमचं दारही होतं, आक्का, लपवत नाही. पण दुसऱ्या सकाळी पहिलं उघडलं तेही तुमचंच.

आता आम्ही भाड्याच्या खोलीत आहोत. मशीन आलं आहे, सेकंडहँड, पण टाका सरळ पडतो. पिको-फॉलची कामं सुरू केली. तुमच्या धाकटीच्या लग्नाचे ब्लाऊज गावात दुसऱ्या कोणाकडे गेले तर मी मनावर घेईन. मापाचं एक ब्लाऊज पाठवून द्या, दुपारी चारनंतर मी घरीच असते. शिलाई घेणार नाही असं म्हणत नाही, तुम्ही भांडाल. पण अस्तर माझं, आणि परकर मी माझ्या मनाने शिवणार.

तुमची,
शाळेमागच्या ओळीतली शिवणकामवाली