विषय : मॉर्स सरावाच्या प्रोग्रॅममधील टिंब-रेघांचे प्रमाण बिघडल्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या कंपनीचा मॉर्स, म्हणजे टिंब-रेघांच्या ध्वनींची तारेची सांकेतिक लिपी, शिकवणारा प्रोग्रॅम मी गेल्या वर्षी चतुर्थीच्या आधी ८९९ रुपये भरून घेतला आणि तेव्हापासून तो माझ्या सात इंची टॅबवर रोज वापरत आले. मी फोंड्याला राहते आणि नोकरीसाठी पणजीला ये-जा करते. बसने फर्मागुडी मागे टाकली की इअरफोन कानांत घालायचे आणि बाणस्तारीच्या पुलापर्यंत एक धडा पुरा करायचा, हा माझा नेमच झाला होता. ‘के’ आणि ‘एम’ या दोन अक्षरांपासून सुरुवात करून, दहापैकी नऊ अक्षरे बरोबर ओळखता आली की पुढचे एक अक्षर वाढवायचे, या कॉख पद्धतीने मी सगळी अक्षरे आणि अंक पूर्ण केले. त्या काळात प्रोग्रॅमबद्दल माझी काहीही तक्रार नव्हती. मैत्रिणींनाही मी तो घ्यायला सांगितला होता, म्हणून हे पत्र लिहिताना मला अधिकच वाईट वाटते आहे.

शिगम्याच्या सुमारास आपण प्रोग्रॅमची नवी आवृत्ती पाठवली आणि ती टॅबवर आपोआप चढली. दुसऱ्याच दिवसापासून माझ्या चुका वाढू लागल्या. ‘एच’ची चार टिंबे, ‘एस’ची तीन आणि पाच या अंकाची पाच टिंबे मला एकमेकांपासून वेगळी करता येईनात. ‘एल’मधली रेघ तेवढी ऐकू येई आणि तिच्या आगेमागे काही तरी टिचल्यासारखे वाटे. आपलाच सराव कमी पडतो आहे, असे समजून मी रोजचा वेळ अर्ध्या तासाने वाढवला आणि जवळजवळ पाच आठवडे तसेच रेटले.

आमच्या शेजारचे काका पूर्वी तारमास्तर होते. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंद झाली, पण त्यांचा कान अजून शाबूत आहे. एका संध्याकाळी मी इअरफोन न लावता ओसरीवर सराव करीत होते, तेव्हा त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि विचारले, “बाय, ही तार देतोय कोण? हा तर टिंबे गिळतो आहे.” मग तारयंत्राची कळ दाबावी तसे टेबलाच्या कडेवर बोट दाबत त्यांनी तोंडाने ‘सी’ म्हणून दाखवला, डा-डि-डा-डिट, आणि लगेच टॅबवर तोच ‘सी’ लावायला सांगितला. दोन्हींमधला फरक मला त्या क्षणी कळला. दोष माझ्या कानाचा नव्हता.

तरीही केवळ ऐकीव गोष्टीवर तक्रार करू नये म्हणून मी टॅब वायरने लॅपटॉपला जोडला, आवाज ध्वनिमुद्रित केला आणि पडद्यावर लहरी मोठ्या करून एकेक टिंब मोजले. मॉर्समध्ये टिंब एक मात्रेचे, रेघ तीन मात्रांची, अक्षराच्या आतली फट एक मात्रेची, दोन अक्षरांमधली तीन आणि दोन शब्दांमधली सात मात्रांची असते. गती ‘पॅरिस’ या शब्दावरून मोजतात. त्यानंतरची फट धरून त्याच्या पन्नास मात्रा होतात. मी अक्षरांची गती मिनिटाला २० शब्द ठेवते आणि अक्षरांमधल्या फटी वाढवून घेते. त्या गतीला टिंब ६० मिलिसेकंदांचे, रेघ १८० ची आणि आतली फट ६० ची हवी. आपला प्रोग्रॅम टिंब अवघे २०, रेघ १४० आणि फट १०० मिलिसेकंदांची देतो. म्हणजे एकास तीन हे प्रमाण एकास सात झाले आहे, आणि २० मिलिसेकंदांचे टिंब चालत्या बसमध्ये कोणाच्याही कानाला लागणार नाही.

मग मी फटी न वाढवता सरळ ८ शब्दांची गती लावून मोजले. तिथे टिंबाचे १५० च्या जागी ११० आणि रेघेचे ४५० च्या जागी ४१० मिलिसेकंद आले. दोन्ही गतींना प्रत्येक ध्वनीच्या सुरुवातीचा तेवढाच, सुमारे ४० मिलिसेकंदांचा, तुकडा गळतो आणि तो आधीच्या फटीत मिळतो. एकूण वेळ मात्र बदलत नाही. ८ शब्दांच्या गतीला ‘पॅरिस’ शब्द, त्यानंतरची फट धरून, आजही बरोबर साडेसात सेकंदांत संपतो. केवळ घड्याळ लावून तपासणाऱ्याला हा दोष दिसणार नाही, आणि आपल्याकडेही बहुधा तेच झाले असावे. नव्या आवृत्तीत प्रत्येक टिंबासाठी आवाज नव्याने सुरू केला जात असावा आणि तो सुरू होईपर्यंत त्याचे डोके कापले जात असावे, असा माझा अंदाज आहे. पूर्ण अक्षर आधी एकसंध तयार करून मग वाजवले, तर हा प्रश्न सुटेल असे मला वाटते.

आपल्या सेवा विभागाला मी दोनदा लिहिले. पहिल्या वेळी प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला मिळाला. तसे केल्यावर माझ्या सगळ्या धड्यांची नोंद पुसली गेली आणि दोष तसाच राहिला. दुसऱ्या वेळी ‘गती कमी करून पाहा’ असे उत्तर आले, आणि या उत्तराला माझी खरी हरकत आहे. गती कमी केल्यावर दोष बरा होत नाही, फक्त झाकला जातो. शिवाय संथ गतीने शिकणारा मनात टिंबे मोजू लागतो आणि ती सवय पुढे सुटता सुटत नाही. अक्षर हे एका सुराच्या आकारासारखे अखंड ओळखायचे असते, म्हणूनच पहिल्या दिवसापासून ते पूर्ण गतीने ऐकायचे, हे आपल्याच प्रोग्रॅमच्या पहिल्या धड्यात लिहिलेले आहे. हौशी रेडिओच्या सर्वसाधारण श्रेणीच्या परवान्यासाठी मी तयारी करते आहे आणि त्या परीक्षेत मिनिटाला ८ शब्दांच्या गतीने मॉर्स ऐकून लिहायचे आणि पाठवायचे असते. पाच आठवडे मोडका ठेका ऐकलेला कान आता पुन्हा वळवून आणावा लागत आहे. रोज संध्याकाळी काका तोंडाने अक्षरे म्हणतात आणि मी ती लिहून घेते.

हा दोष दुरुस्त होईपर्यंत मला जुनी आवृत्ती उपलब्ध करून द्यावी आणि पुसली गेलेली नोंद शक्य असल्यास परत मिळवून द्यावी. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत यांपैकी काहीच झाले नाही, तर ८९९ रुपये परत करावेत. तेही न झाल्यास मला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल. त्याचबरोबर, हा प्रोग्रॅम वापरणाऱ्या इतर सर्वांना आपण हा दोष ताबडतोब कळवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चुका आपल्याच आहेत असे समजून कोणी तरी आजही बसमध्ये तोच धडा पुन्हा पुन्हा ऐकत असेल.

दोन्ही गतींची ध्वनिमुद्रणे, लहरींची चित्रे आणि पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक ग्राहक
फोंडा, गोवा