ओरखडा किती खोल, ते आधी पाहा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पावसाळा ओसरून दसरा जवळ आला की गाडी धुऊन-पुसून, तिच्यावरचे वर्षभराचे ओरखडे घालवून तिला पूजेसाठी सज्ज करण्याची लगबग घरोघरी सुरू होते, आणि त्याच सुमारास टूथपेस्टने ओरखडे घालवण्याच्या, उकळत्या पाण्याने पोचे काढण्याच्या चित्रफिती मोबाइलवर फिरू लागतात. माझी नोकरी पिंपरी-चिंचवडमधील वाहन उद्योगात, पेंट शॉपमध्ये झाली. त्यामुळे अशी चित्रफीत दाखवून ‘यात तथ्य किती?’ असे विचारणारे शेजारी मला नवे नाहीत. लहानसहान दुरुस्ती घरी करू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. बोटभर ओरखड्यासाठी अख्खे दार रंगवून घेण्याची आपल्याकडची सवय मला त्याहून जास्त खटकते. मात्र ओरखडा रंगाच्या कोणत्या थरापर्यंत गेला आहे हे न पाहता घासायला सुरुवात करणे घातक आहे, आणि नेमकी हीच गोष्ट त्या चित्रफितींत सांगितलेली नसते.

गाडीच्या पत्र्यावर एकच रंग नसतो. पत्रा स्वच्छ करून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली जाते, मग सबंध सांगाडा हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने त्यावर गंजरोधक प्रायमर बसवला जातो, त्यावर दुसरे प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. हे सारे थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून किंचित जास्त. त्यातही आपण ज्याला चकाकी म्हणतो तो क्लिअर कोट जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. सूर्याच्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण हाच थर करतो. कारखान्यात हे थर भट्टीत सुमारे १४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानाला भाजले जातात, कारण तेव्हा गाडी म्हणजे नुसता सांगाडा असतो. गॅरेजमध्ये आलेल्या गाडीत वायरी, प्लास्टिक, गाद्या असे सगळे असल्याने तिला ६० अंशांच्या फार पुढे तापवता येत नाही, म्हणून तेथे हार्डनर मिसळून घट्ट होणारा रंग वापरावा लागतो. चांगल्या पेंटरचे काम वर्षानुवर्षे टिकते, याबद्दल वाद नाही. तरीही मूळ रंग शाबूत असलेल्या दाराचे मोल वेगळेच राहते, आणि जुनी गाडी घेणारे व्यापारी रंगाची जाडी मोजणारे यंत्र लावून ते ताबडतोब ओळखतात.

तेव्हा पहिले काम तपासणीचे. ती जागा धुऊन पाण्याने ओली करावी. पाणी असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर तो क्लिअर कोटच्या आतच आहे, असे बहुतांशी समजावे. मग जागा कोरडी करून त्यावरून नख आडवे हलकेच फिरवावे. नख अडकले नाही तर ओरखडा पॉलिशने जाण्याची शक्यता बरीच असते; नख अडकले तर घासून तो जाणार नाही, कारण तितक्या खोलीपर्यंत आजूबाजूचा थर उतरवणे म्हणजे चकाकीच्या थराचीच वाट लावणे होय. आत वेगळा, बहुधा राखाडी रंग दिसला तर ते प्रायमर असते, आणि चकचकीत धातू किंवा तांबूस डाग दिसला तर पत्रा उघडा पडला आहे. दुसऱ्याच्या गाडीचा किंवा खांबाचा रंग आपल्या गाडीवर लागलेला असतो, तोही पुष्कळदा ओरखड्यासारखा दिसतो. तो कपड्यावर थोडे रबिंग कंपाउंड (रंग घासून काढणारी पेस्ट) घेऊन घासल्यास निघून जातो आणि त्याखाली आपला रंग धडधाकट सापडतो.

वरवरच्या ओरखड्यांसाठी बारीक पॉलिश आणि मायक्रोफायबरचा स्वच्छ कपडा एवढे पुरते. गाडी सावलीत, पत्रा थंड असताना, धूळ पूर्णपणे धुऊन घेतल्यावर हाताने थोडे थोडे घासावे आणि दर वेळी पुसून पाहावे. टूथपेस्टनेही किंचित फरक पडतो, कारण तीही एक सौम्य घासणी आहे. परंतु तिचे कण या कामासाठी बनवलेले नसतात, आणि गडद रंगाच्या गाडीवर तिने पुसट डाग राहतो. खोबरेल तेल किंवा गंज सोडवणारा फवारा लावल्यावर ओरखडा ‘गायब’ होतो, तो फक्त त्यात तेल भरल्यामुळे. दोन धुण्यांत तो परत दिसू लागतो. २००० क्रमांकाचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो पेपर सरावलेल्या हातात ठीक आहे, पण दाराच्या कडा आणि बोनेटवरच्या उठावदार रेषा या जागी रंग मुळातच पातळ बसलेला असतो आणि तेथे काही क्षणांत प्रायमर उघडे पडते. नवख्याने कडांच्या जवळ जाऊच नये.

याच संदर्भात थोडे विषयांतर वाटेल असे, पण माझ्या मते मुळाशी जाणारे एक निरीक्षण नोंदवतो. उन्हात बारीक कोळिष्टकांसारख्या गोल रेषा दिसतात, त्या अपघाताने आलेल्या नसतात. पहाटे सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने सगळ्या गाड्या पुसतो. बांधकामांमुळे उडालेली वाळूची बारीक कच त्या फडक्यात साठत जाते आणि प्रत्येक गाडीवर रोज थोडे घासकाम होत राहते. त्यात त्या माणसाचा दोष नाही, कारण त्याला मिळणाऱ्या पैशांत आणि सोसायटीने दिलेल्या पाण्यात दुसरे काही शक्यही नाही. पाणीटंचाईच्या महिन्यांत तर कोरडेच फडके फिरते. धुळीची गाडी रोज पुसण्यापेक्षा आठवड्यातून एकदा दोन बादल्या घेऊन, एकीत शाम्पूचे आणि दुसरीत फडके खंगाळण्याचे पाणी ठेवून धुतली, तर पॉलिश करण्याची वेळच फार उशिरा येईल. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसताक्षणी भिजवून उचलावी. उन्हात ती क्लिअर कोटमध्ये उतरते आणि मग तिचा ठसा पॉलिशलाही दाद देत नाही.

नख अडकणाऱ्या अरुंद ओरखड्यांवर टच-अपची बाटली, म्हणजे गाडीच्याच रंगाची ब्रशसह मिळणारी छोटी बाटली, हा घरचा खरा उपाय आहे. त्यासाठी आपल्या गाडीच्या रंगाचा सांकेतिक क्रमांक लागतो. नुसते ‘पांढरा’ किंवा ‘चंदेरी’ सांगून भागत नाही, कारण एकाच कंपनीचे पांढरे दोन-तीन प्रकारचे असतात. हा क्रमांक बहुधा दाराच्या खांबावरील किंवा बोनेटखालील पट्टीवर असतो. जागा धुऊन, कोरडी करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने मेण व तेल काढून टाकावे. गंजाचा कण असेल तर तो पॉलिश पेपरच्या टोकदार घडीने पूर्ण खरवडून गंजरोधक प्रायमरचा ठिपका द्यावा, नाहीतर वर कितीही सुबक रंग भरला तरी आत गंज चालूच राहतो. रंग बाटलीतल्या ब्रशने न लावता काडीच्या टोकाने केवळ खाचेत, एका वेळी अगदी थोडा भरावा आणि रंगाच्या दोन थरांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. मेटॅलिक रंगात हे ठिगळ जवळून ओळखू येणारच, कारण त्यातील धातूचे कण फवाऱ्याने बसतात तसे ब्रशने बसत नाहीत. पत्रा झाकला गेला आणि चार हातांवरून दिसेनासे झाले, की काम साधले असे मानावे. हे काम पावसाळ्यात करू नये. हवेत दमटपणा असला की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडून त्यावर बाष्प धरते आणि रंग पांढुरका, निस्तेज होतो. ऑक्टोबरमधील कोरडी सकाळ यासाठी उत्तम. कोकणातील आणि गोव्यातील वाचकांनी मात्र मुहूर्ताची वाट पाहू नये. खाऱ्या वाऱ्यात उघडा पत्रा फार दिवस थांबत नाही, तेव्हा निदान प्रायमर तरी लगेच लावावे.

पोच्यांबाबत उकळत्या पाण्याचा प्रयोग खरा आहे, पण फक्त बंपरपुरता. बंपर बहुतेक पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकचा असतो. तो तापल्यावर मऊ होऊन आतून दाबल्यास मूळ आकार धरतो, मात्र घडी पडलेल्या जागी रंग तडकलेला असेल तर ती तडक राहतेच. पोलादी पत्र्यावर कितीही गरम पाणी ओतले तरी त्याला काही फरक पडत नाही. दाराच्या मधल्या सपाट भागावरील उथळ, रुंद पोचा रबरी सक्शन कपने कधी कधी बाहेर येतो, आणि बोनेट किंवा मडगार्डच्या मागे हात पोहोचत असेल तर आतून दाबूनही जमते. टोकदार पोचा किंवा ठळक रेषेवर बसलेला पोचा घरी काढण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे पत्रा ताणलेला असतो आणि चुकीच्या जागी दाबला तर एकाचे दोन होतात. रंग न फुटलेल्या अशा पोच्यांसाठी, विशेषतः मराठवाड्यात, नाशकात गारपिटीने टपावर पडणाऱ्या पोच्यांसाठी, रंग न लावता सळ्यांनी आतून पत्रा उचलणारे कारागीर आता मोठ्या शहरांत मिळतात, आणि त्यांना पैसे देणे शहाणपणाचे ठरते.

लांबी (खड्डा बुजवण्याची पुट्टी) भरणे आणि रंगाची फवारणी यांपासून मात्र घरगुती हौशी माणसाने लांब राहावे, असे मी स्पष्ट सांगेन. पॉलिस्टर लांबी पाणी शोषते, हार्डनरचे प्रमाण चुकले तर ती एक तर चिकट राहते किंवा वरच्या रंगावर डाग उमटवते. हार्डनरवाल्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट हे रसायन असते; त्याने दमा जडू शकतो, आणि साध्या कापडी मास्कचा त्यापुढे काही उपयोग नाही. इमारतीखालच्या बंदिस्त पार्किंगमध्ये थिनरची वाफ साठून आगीचा धोकाही असतो. शिवाय नव्या गाड्यांत बंपरच्या आत रडार आणि बंपरवर पार्किंग सेन्सर असतात. त्यांच्यासमोर लांबीचा किंवा रंगाचा जाड थर आला तर ते चुकीचे वाचन देऊ शकतात.

राहिला विम्याचा प्रश्न. ‘झिरो डेप आहे ना, मग टाका क्लेम’ हा सल्ला फार सहज दिला जातो. (झिरो डेप म्हणजे सुट्या भागांचा घसारा न कापता भरपाई देणारे संरक्षण.) सलग क्लेम न केलेल्या वर्षांनुसार स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी भरायच्या प्रीमियमवर अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के सूट मिळते, आणि एका क्लेमने ती शून्यावर येते. सूट धरण्याआधी हा प्रीमियम १२,००० रुपये आहे आणि तीन वर्षे क्लेम नाही, असे धरा. चौथ्या वर्षी क्लेम केला नाही तर पुढील नूतनीकरणाला ४५ टक्के सूट मिळून ६,६०० रुपये भरावे लागतील, केला तर पूर्ण १२,०००. प्रीमियम तेवढाच राहिला असे मानले तर त्यानंतरच्या वर्षी ६,००० ऐवजी ९,६०० आणि तिसऱ्या वर्षी ६,००० ऐवजी ९,००० होतात. म्हणजे तीन वर्षांत १२,००० रुपये जादा गेले. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपल्याच खिशातून जाणारी रक्कम, वेगळी. ती १,५०० सीसीपर्यंतच्या खासगी गाडीला १,००० आणि त्यावरील गाडीला २,००० रुपये असते. एका दाराच्या रंगकामाचा खर्च यापेक्षा बराच कमी असेल, तर क्लेम करण्यात हशील नाही. सूट अबाधित ठेवणारे जादा संरक्षण घेतले असल्यास हिशेब बदलेल, म्हणून पॉलिसी एकदा वाचावी. कुणाला इजा झाली असेल किंवा दुसऱ्या वाहनाचे नुकसान झाले असेल, तर हा सारा हिशेब बाजूला ठेवून पोलीस आणि विमा कंपनीला कळवणेच योग्य.

या निमित्ताने वाहन विक्रेत्यांना एक विनंती करावीशी वाटते. नव्या गाडीबरोबर हार, पेढे आणि छायाचित्र देण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहेच; त्यासोबत रंगाचा सांकेतिक क्रमांक मराठीत ठळकपणे लिहिलेला कागद आणि त्याच रंगाची टच-अपची छोटी बाटली दिली, तर विक्रेत्यांना फारसा खर्च येणार नाही आणि पहिल्या ओरखड्याला ग्राहकाला शोधाशोध करावी लागणार नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त वाचक,
चिंचवड, पुणे