श्वास रोखून

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. हे आधीच लिहिते, कारण आई पत्रात तेवढंच शोधणार. वजन उतरलेलं नाही, फोनचा कॅमेराच तसं दाखवतो.

बाबा, "चार वर्षं एकाच रिसेप्टरवर?" या प्रश्नातला सूर मला कळला. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पटलावर बसून बाहेरचा निरोप आत पोचवणारं प्रथिन. त्यातल्या बीटा-2 रिसेप्टरचं जनुक 1986 मध्ये हाती लागलं आणि त्याचा आकार दिसायला 2007 उजाडलं. ब्रायन कोबिल्का हे अमेरिकन शास्त्रज्ञ त्यामागे वीस वर्षं होते. त्यांचं 2012 चं नोबेल नंतरचं. माझा रिसेप्टर त्याच गोतातला. ही प्रथिनं पेशीच्या पटलात सात वेळा आत-बाहेर ओवलेली असतात, तिथून उपसली की मोडतात. साबणासारख्या द्रवात जपावी लागतात. माझं पहिलं दीड वर्ष नुसता साबण निवडण्यात गेलं. ते वाया गेलं असं म्हणू नका.

तुमची बीपीची मेटोप्रोलॉल हृदयावरच्या बीटा-1 रिसेप्टरच्या खोबणीत बसून अ‍ॅड्रेनलिनला जागा देत नाही. आजीचा पंप उलट श्वासनळीतल्या बीटा-2 ला जागं करतो. दोन्ही खोबणी तळाशी जवळजवळ सारख्याच, फरक सापडतो तो तोंडाशी. जुनी प्रोप्रॅनोलॉल दोन्हीकडे शिरायची आणि दमेकऱ्यांचा जीव घाबरा करायची. नेमक्या एकाच खोबणीत बसेल असं औषध घडवायचं तर असे फरक अणूअणूपर्यंत दिसावे लागतात, म्हणून रिसेप्टरांच्या आकाराचे हे नकाशे. नकाशा म्हणजे औषध नव्हे, हे काकांनाही सांगा. आणि पंपानंतर आजीला धडधडलं तर तुमची गोळी तिला देऊ नका. डॉक्टरांना विचारा.

आता इथली एक तऱ्हा. गप्पा चालू असताना अचानक सगळे मुके होतात. मला आधी वाटलं, माझं काही चुकलं. नंतर कळलं, कुणीतरी जाळी हलवत असतं. तांब्याची किंवा सोन्याची, 3 मिलिमीटरची. तिच्यावर प्रथिनाचा थेंब टाकायचा, कागदाने टिपायचा आणि उरलेला पापुद्रा गार इथेनमध्ये बुडवायचा. पाणी इतक्या झटकन गोठतं की स्फटिक व्हायला वेळच मिळत नाही. मग उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये, डबीतून डबीत. त्यात कुणाचा उच्छ्वास पडला तर वाफेचं हिम जाळीवर बसतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रथिनाऐवजी धोंडेच दिसतात. म्हणून सगळे मास्क लावून, श्वास रोखून. माझी एक जाळी माझ्याच शिंकेने गेली. आई, नायट्रोजन विषारी नाही. तो हवेतला ऑक्सिजन ढकलतो एवढंच, आणि त्यासाठी भिंतीवर अलार्म आहे. (हे लिहायला नको होतं. तो अजून एकदाही वाजलेला नाही.)

कर्जाचा हप्ता पाठवलाय. बाबा, मागच्यासारखा तो माझ्याच खात्यात परत टाकू नका. फेलोशिप वर्षभर वाढली, म्हणजे पैशाची काळजी मिटली. परत येणंही वर्षभर लांबलं, ते ओघाने आलंच. त्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला आहे, पण माझ्यासाठी कुणाला ताटकळत ठेवायचं नाही. दादाच्या लग्नाला चार दिवस येते. सूक्ष्मदर्शकावरची पाळी त्याच आठवड्यात आली आहे आणि चुकली तर पुढची कधी, ते कुणी सांगत नाही. चार दिवस पुष्कळ आहेत. कामं लावून ठेवा, मी सगळी करीन.

आजीला त्या रात्री दवाखान्यात नेलं, हे मला दादाकडून आठ दिवसांनी कळलं. मला त्रास नको म्हणून सांगितलं नाहीत ना? मी रागावलेले नाही. पुढच्या वेळी मात्र सांगा.

तुमची,
चिमी

ता. क. आजी पंप घाईने ओढते. आधी श्वास पूर्ण सोडायचा, पंप दाबताच सावकाश आत घ्यायचा आणि दहा मोजेपर्यंत रोखायचा. दादाने शेजारी बसून मोजावं.