मंत्रिमहोदय, पदकानंतरचा पैसा पदकाआधी द्या

मा. केंद्रीय क्रीडामंत्री, भारत सरकार
यांस सादर नमस्कार.

ऑलिंपिक संपले की आपल्याकडे बक्षिसांची चढाओढ लागते. सुवर्णपदकाला हरियाणाने सहा कोटी रुपये ठेवले आहेत, बाकीची राज्येही आपापले आकडे जाहीर करतात. ज्याने पदक आणले त्याला ते मिळावेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण जरा हिशेब मांडून पाहा. ऑलिंपिक पदकाची आशा असलेल्या खेळाडूंसाठी केंद्राची टॉप्स योजना आहे; तिच्या डेव्हलपमेंट, म्हणजे अजून घडत असलेल्या खेळाडूंच्या, गटातल्या खेळाडूला महिना २५,००० रुपये हातखर्च मिळतो. सहा कोटींत असे ५० खेळाडू सलग चार वर्षे, म्हणजे एका ऑलिंपिकपासून पुढच्या ऑलिंपिकपर्यंत, सांभाळून होतात. बक्षिसाची तिजोरी राज्याची आणि टॉप्सची केंद्राची, हे मान्य. तरीही २०३६ च्या ऑलिंपिकच्या यजमानपदासाठी आपण इच्छापत्र दिले आहे. तेव्हा हा पैसा खेळाडूच्या हाती नेमका कोणत्या वयात पडतो, याचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

ब्रिटनचे उदाहरण आपल्या चर्चांत नेहमी येते, पण अर्धेच येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला एकच सुवर्ण मिळाले, पदकतालिकेत ३६ वे स्थान. त्याच्या दोन वर्षे आधी तिथे राष्ट्रीय लॉटरी सुरू झाली होती. तो पैसा खेळाकडे वळला, १९९७ मध्ये यूके स्पोर्ट ही संस्था उभी राहिली, आणि होतकरू खेळाडूंना थेट निर्वाहभत्ता मिळू लागला. लंडन २०१२ मध्ये २९ सुवर्ण, रिओत २०१६ मध्ये २७ आणि चीनच्याही वर दुसरा क्रमांक. गंमत म्हणजे ब्रिटनचे सरकार पदकाला रोख बक्षीस देत नाही. जे द्यायचे ते तयारीच्या वर्षांत.

आता उरलेली अर्धी गोष्ट. ज्या खेळात पदकाची आशा नाही त्याचा पैसा बंद, असा तिथला खाक्या होता. लंडननंतर बास्केटबॉलला शून्य. रिओत बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीत कांस्य आले, तरी त्याच वर्षाच्या अखेरीस बॅडमिंटनचे अनुदान बंद करण्याचा निर्णय झाला! ज्या पोरांनी हा खेळ निवडला त्यांनी पुढे काय करायचे? टीका वाढल्यावर हे धोरण सैल करावे लागले. टॉप्समध्ये पदकाच्या शक्यतेवर याद्या बनतात, म्हणून ही बाजू आपण आधी वाचायला हवी.

अमेरिकेची नक्कल तर करूच नये. तिथे केंद्रात क्रीडामंत्रीच नाही. १९७८ च्या कायद्याने ऑलिंपिक समितीला अधिकार दिले, पण तिचा खर्च भागतो प्रक्षेपणाचे हक्क, प्रायोजक आणि देणग्यांवर. खेळाडू घडतात ते विद्यापीठांत, शिष्यवृत्तीवर. आपला तेजस्विन शंकरही कॅन्ससमधल्या विद्यापीठात उंच उडी मारत होता. अशी विद्यापीठे नसतील तर ती व्यवस्था उचलून आणता येत नाही.

आपल्याला खरे जवळचे आहेत ते इटली आणि जर्मनी. इटलीत पोलीस, वित्त पोलीस, काराबिनिएरी (लष्करी पोलीस) यांची स्वतःची क्रीडा पथके आहेत. टोकियोत शंभर मीटर जिंकणारा मार्सेल जेकब्स पोलिसांच्या पथकातला. जर्मनीत सैन्यदल खेळाडूंना भरती करून घेते, शिवाय १९६७ पासून स्पोर्टहिल्फे ही देणग्यांवर चालणारी संस्था त्यांना भत्ता देते. अशा नोकरीचा मोठा फायदा म्हणजे दुखापतीच्या वर्षातही पगार चालू राहतो. आपल्याकडे सैन्य, रेल्वे, पोलीस हेच करत आले आहेत. नीरज चोप्रा लष्करातला, पॅरिसमध्ये कांस्य जिंकलेला नेमबाज स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. ही आपली जमेची बाजू आहे, पण मेख अशी की क्रीडा कोट्यातली नोकरी मिळवायला आधी पदक किंवा मोठ्या स्पर्धेतला सहभाग दाखवावा लागतो. तिथवर पोहोचण्याचा खर्च आई-बापांचाच.

नॉर्वे पैसा याच्याही आधी, पार तळाला घालतो. सरकारी लॉटरीच्या नफ्यातला ६४ टक्के वाटा खेळाला जातो, आणि तो मैदाने, सभागृहे, गावोगावचे क्लब यांवर खर्च होतो. मूल तेरा वर्षांचे होईपर्यंत त्याला राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरवत नाहीत. पंचावन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी. त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये १६ सुवर्णपदके नेली, तोवर कुणालाही जमली नव्हती इतकी. पदकाला बक्षीस तिथेही नाही. नॉर्वे श्रीमंत आहे, हे उत्तर मला ठाऊक आहे. पण दहा वर्षांच्या मुलाला ‘अमुक गटात राज्यात पहिला’ ठरवण्याची घाई थांबवायला तेलाच्या विहिरी लागत नाहीत.

आता आपले. खेलो इंडिया या केंद्राच्या होतकरू खेळाडूंसाठीच्या योजनेत निवडलेल्या मुलाला महिना १०,००० रुपये मिळतात, टॉप्सच्या मुख्य गटाला ५०,०००. या दोन पायऱ्यांच्या मधे जे अडकतात त्यांची मला काळजी वाटते. वय एकोणीस ते तेवीस, कनिष्ठ गट संपलेला, देशात सहावा-सातवा क्रमांक, टॉप्सच्या यादीत नाव नाही आणि नोकरीसाठी पदक नाही. सराव सोडायचा की नाही, हा निर्णय याच वयात होतो आणि बहुतेक वेळा घरची मिळकत तो घेते.

म्हणून पुढच्या अर्थसंकल्पात या वयोगटासाठी स्वतंत्र भत्ता ठेवा. तो किमान दोन वर्षे हमखास मिळावा, दुखापतीत थांबू नये. यादीतून वगळलेल्याला वगळण्याचे कारण लेखी कळवा आणि पुढचे सहा महिने पैसे चालू ठेवा. किती तारखेला किती खेळाडूंना रक्कम पोहोचली, हे दर तीन महिन्यांनी खेळनिहाय जाहीर करा. आणि राज्यांच्या क्रीडामंत्र्यांची पुढची बैठक बोलवाल तेव्हा त्यांच्यासमोर एवढाच प्रस्ताव ठेवा : जाहीर केलेल्या बक्षिसाइतकीच रक्कम त्याच खेळातल्या पुढच्या पिढीच्या भत्त्यासाठी बाजूला काढायची. कोण तयार होते आणि कोण नाही, तेही आम्हाला कळू द्या.

आपला नम्र,
एक क्रीडारसिक नागरिक